सृष्टीचे स्वामित्व: ख्रिस्ती विचारातील एक जुना वाद

मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी 26 डिसेंबर 1966 रोजी वॉशिंग्टन येथील एका वैज्ञानिक परिषदेत व्याख्यान दिले, आणि पुढच्या मार्चमध्ये ते ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्यावर ख्रिस्ती धर्मविचारात जी खळबळ उडाली ती आजही पुरती शमलेली नाही. हवा, पाणी आणि जमीन यांची आधुनिक काळात जी नासाडी झाली तिचे मूळ यंत्रांत नसून यंत्रांमागच्या श्रद्धेत आहे, आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्माइतका मानवकेंद्री, म्हणजे बाकीची सृष्टी माणसाच्या उपयोगासाठीच आहे असे मानणारा, धर्म दुसरा झाला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. देवाने माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणण्यास आणि जलचर, पक्षी व भूचर यांवर अधिकार चालवण्यास सांगितले, असे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आहे, आणि व्हाइट यांच्या आरोपाचा सारा भार या वचनावर होता. मात्र व्हाइट धर्माचे वैरी नव्हते. रोगाचे मूळ धार्मिक असेल तर औषधही धार्मिकच हवे, अशा विचाराने त्यांनी असीसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे, असे शेवटी सुचवले.

या आरोपाला जी उत्तरे दिली गेली त्यांतील बहुतेकांचा सूर असा होता की, बायबलने माणसाला सृष्टीचा जुलमी राजा केलेले नसून विश्वस्त केले आहे. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण आरोप करणारे आणि उत्तर देणारे, दोघेही माणसाच्या वृत्तीबद्दलच बोलत राहिले आणि अधिकाराचे कायदेशीर स्वरूप कोणते, हा प्रश्न बाजूला पडला. सृष्टीविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा इतिहास जवळून पाहिला तर त्यात निसर्गप्रेम आणि निसर्गद्वेष यांच्या झगड्याहून खोल असा एक वाद आढळतो, आणि तो म्हणजे पृथ्वी कोणाच्या मालकीची आहे आणि माणसाला तिच्यावर असलेला हक्क वापराचा आहे की स्वामित्वाचा. प्रस्तुत लेखाचा विषय हा वाद आहे.

ज्या यहुदी ग्रंथांतून ख्रिस्ती परंपरा निघाली, त्यांत या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध नाही. पृथ्वी आणि तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, असे चोविसावे स्तोत्र म्हणते. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर हे तत्त्व जमिनीच्या व्यवहारापर्यंत नेलेले आहे: जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी म्हणून राहणारी आहेत. दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे, त्या वर्षी आपोआप उगवेल ते मालकाबरोबर दास, मजूर, परका, गुरे आणि रानातली जनावरे यांनीही खायचे, असा नियम तिथे आहे. मराठी मुलखाच्या भाषेत सांगायचे तर या ग्रंथाच्या दृष्टीने माणूस हा देवाच्या जमिनीवरचे कूळ आहे. त्याला वहिवाट आहे, मालकी नाही.

ख्रिस्ती धर्मसभेला सृष्टीविषयी पहिली मोठी लढाई करावी लागली ती मात्र वेगळ्याच आघाडीवर. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्शन नावाच्या धनाढ्य धर्मशिक्षकाने असे शिकवले की, हे दुःखाने आणि किड्यामुंग्यांनी भरलेले जग निर्माण करणारा देव हा येशूचा पिता असूच शकत नाही; तो कोणी कनिष्ठ देव असला पाहिजे आणि मुक्ती म्हणजे त्याच्या जगातून सुटका. मार्शनला इसवी सन 144 मध्ये धर्मसभेतून बाहेर काढण्यात आले. पुढे 180 च्या सुमारास लिऑनचा बिशप आयरेनियस याने या आणि अशा मतांचे सविस्तर खंडन करताना ठामपणे मांडले की, निर्माण करणारा आणि तारणारा देव एकच आहे, त्याने निर्मिलेले जडद्रव्य चांगले आहे, आणि भाकर व द्राक्षरस हे याच सृष्टीचे पदार्थ ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी आहेत. ही लढाई धर्मसभा हरली असती तर पुढचा सारा इतिहास झालाच नसता, कारण जे जग मुळातच वाईट आहे त्याच्या मालकीबद्दल भांडण्याचे कोणाला कारण उरत नाही.

व्हाइट यांनी ज्या वचनावर बोट ठेवले त्याचे प्राचीन आणि मध्ययुगीन वाचन जेरेमी कोहेन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तपासले, आणि त्या काळच्या भाष्यकारांना निसर्गावर कब्जा मिळवण्याचा परवाना त्यात क्वचितच दिसला, असा निष्कर्ष काढला. तिसऱ्या शतकातील ओरिजेनसाठी त्यातले पशू म्हणजे माणसाच्या अंतःकरणातील वासना होत्या आणि त्यांवर सत्ता चालवणे म्हणजे मनोनिग्रह. असे रूपकात्मक वाचन आजच्या वाचकाला ओढूनताणून केलेले वाटेल. परंतु ते जोवर चालू होते तोवर त्या वचनाच्या नावाने जंगल तोडल्याचे क्वचितच दिसते, हेही खरे.

रूपकाचा हा सोपा मार्ग चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने नाकारला. आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकिया प्रांतात, 378 च्या सुमारास, उपवासकाळात त्याने सृष्टीच्या सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली. समोर हातावर पोट असलेले कारागीर बसलेले होते. त्यांची रोजची कमाई बुडू नये म्हणून बोलणे आवरते घेण्याची काळजी तो एका प्रवचनात स्वतःच बोलून दाखवतो. गवत म्हणजे गवत आणि मासा म्हणजे मासा, त्याचा दुसरा अर्थ लावण्याची आपल्याला गरज वाटत नाही, असे शेवटच्या प्रवचनात तो स्पष्टपणे सांगतो. आठव्या प्रवचनात जमिनीवरच्या प्राण्यांकडे वळल्यावर तो मध्येच थांबतो, कारण पक्ष्यांचा सबंध वर्ग सांगायचा राहून गेला आहे. मग तो मागे फिरतो आणि करकोचे, बगळे, मधमाश्या यांच्याबद्दल अशा तपशिलाने बोलतो की ज्याला स्वतःला हे सारे पाहण्याचा आनंद आहे त्यालाच ते साधावे. त्यातला बराच तपशील ॲरिस्टॉटलच्या परंपरेतून आलेला आहे आणि काही आज चुकीचा ठरला आहे. तथापि महत्त्वाची आहे ती त्याची भूमिका. विषारी वनस्पती देवाने कशाला निर्मिल्या, या प्रश्नावर तो उलट विचारतो की, सगळे काही माणसाच्या पोटासाठीच निर्माण व्हायला हवे होते काय. माणसाला मारणारे विष साळुंकीच्या जातीचा एक पक्षी खाऊन पचवतो आणि दुसरी एक विषारी वनस्पती लावा पक्ष्याचे अन्न आहे.

हाच बेसिल सुमारे नऊ वर्षे आधी, 369 च्या सुमाराच्या दुष्काळात, धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या श्रीमंतांविरुद्ध बोलला होता, आणि त्याच्या निसर्गविचाराचा खरा गाभा तिथे आहे. नाटकगृहात आधी येऊन बसलेल्या माणसाने सर्वांसाठी असलेली जागा आपलीच समजून इतरांना दाराशी अडवावे, तसे श्रीमंत करतात, असे त्याने म्हटले. सर्वांसाठी निर्माण झालेली वस्तू केवळ आधी ताब्यात घेतल्याने आपली होत नाही, हा त्याचा मुद्दा होता. शहराबाहेर रुग्ण, अपंग आणि निराश्रित यांच्यासाठी त्याने उभारलेली वसाहत, जी पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली, ती याच विचाराची कृती होती. बेसिलची सृष्टिप्रवचने आणि त्याची दुष्काळप्रवचने वेगवेगळ्या ग्रंथांत छापली जातात आणि वेगवेगळे अभ्यासक ती वाचतात, ही मोठी हानी आहे.

पश्चिमेकडे ऑगस्टिनने जवळपास तीच गोष्ट तत्त्वज्ञानाच्या अंगाने सांगितली. जडद्रव्य दुष्ट मानणाऱ्या मानी पंथात तारुण्याची नऊ वर्षे घालवलेल्या या विचारवंताने, वस्तूचे मूल्य तिच्या अस्तित्वाच्या पायरीवरून ठरते, माणसाच्या सोयीवरून नव्हे, असे आग्रहाने मांडले. घरात उंदरांपेक्षा भाकर आणि पिसवांपेक्षा पैसा असावा असे प्रत्येकाला वाटते, पण म्हणून जिवंत प्राणी निर्जीव नाण्यापेक्षा हलका ठरत नाही. बाराव्या शतकात, 1140 च्या सुमारास, ग्रेशनने चर्चच्या कायद्याचा जो महासंग्रह केला त्यात निसर्गनियमाने सर्व वस्तू सर्वांच्या आहेत आणि ‘माझे–तुझे’ हा भेद मानवी कायद्यातून आला, हे तत्त्व नोंदलेले आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसने मूळ स्वामित्व देवाचे आणि माणसाकडे फक्त वापराचा अधिकार अशी विभागणी केली. खाजगी मालकीला त्याने व्यवहारासाठी मान्यता दिली, पण अगदी नडलेल्या माणसाने जगण्यासाठी दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी नव्हे, असेही लिहिले.

या पार्श्वभूमीवर फ्रान्सिसकडे पाहावे लागते. 1225 मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली आणि शरीर खंगलेले असताना, असीसीजवळच्या सान दामियानो येथे त्याने उंब्रियाच्या बोलीभाषेत सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारे स्तोत्र रचले, आणि पुढच्या वर्षी तो वारला. चित्रांतून आणि बागेतल्या पुतळ्यांतून जो फ्रान्सिस ओळखीचा झाला आहे तो पक्ष्यांना उपदेश करणारा कोमल साधू आहे. ते चित्र खोटे नसले तरी मुळापासून तुटलेले आहे. कापडाच्या व्यापाऱ्याच्या या मुलाने बिशपच्या समोर वडिलांचे कपडेसुद्धा उतरवून परत केले आणि आपल्या बंधूंना घर, जमीन, पैसा यांपैकी काहीही स्वतःचे म्हणून ठेवण्यास मनाई केली. त्याचे सृष्टीशी भावंडपण या निःस्वत्वातून आले आहे, कारण भावंडाचा कोणी मालक होत नाही. मराठी वाचकाला इथे ना. वा. टिळक आठवावेत: 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या आणि फुलामुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने हीच वाट धरली होती.

फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांत त्याच्या संघातून जो वाद उसळला त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासात गरिबीचा वाद म्हणतात, आणि सृष्टीविषयक विचाराचा खरा सांधा तिथे आहे. हजारो बंधू जेवत होते, मठात राहत होते, पुस्तके वाचत होते. मग ते निःस्वत्व कसे? पोप तिसरा निकोलस याने 1279 मध्ये असा तोडगा दिला की, या वस्तूंची मालकी रोमच्या धर्मपीठाकडे राहील आणि बंधूंकडे केवळ प्रत्यक्ष वापर राहील, म्हणजे ज्यावर कोर्टात हक्क सांगता येत नाही असा वापर. पोप बाविसावा जॉन हा निष्णात कायदेपंडित होता आणि त्याला हा तोडगा म्हणजे शब्दांचा खेळ वाटला. जी वस्तू वापरताच संपते तिचा वापर मालकीपासून वेगळा कसा करणार, असे त्याने विचारले. भाकरीचा तुकडा जो खातो तो तिचा मालक झालाच. 1322 मध्ये त्याने धर्मपीठाची ती मालकी सोडून दिली आणि 1323 मध्ये, ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे ठासून म्हणणे हे पाखंड ठरवले. संघप्रमुख मायकल याने विरोध केला आणि 1328 च्या मे महिन्यात तो, इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ओकॅम आणि आणखी काही बंधू अविन्योंच्या पोपदरबारातून रातोरात पळून गेले.

पुढच्या वर्षी, 1329 मध्ये, पोपने मायकलला दिलेल्या प्रदीर्घ उत्तरात वादाला असे वळण दिले की जे आजवर पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. मालकी हा पतनानंतरचा, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापानंतरचा, मानवी कायद्याने आणलेला प्रकार नाही, असे सिद्ध करण्यासाठी तो थेट एदेन बागेपर्यंत गेला. हव्वा निर्माण होण्यापूर्वी आदाम एकटाच होता, आणि पृथ्वीवरील स्वामित्व त्याला त्याच अवस्थेत मिळाले. म्हणजे ते सामाईक असूच शकत नाही, ते एका व्यक्तीचेच होते, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्या वचनाचे शतकानुशतके अनेकांनी मनोनिग्रहाच्या अंगाने वाचन केले, ते आता मालमत्तेच्या हक्काचा दस्त म्हणून पुढे आले. सुमारे तीन वर्षांनी म्युनिकमधील आश्रयस्थानी बसून ओकॅमने नव्वद दिवसांत लिहिला म्हणून त्याच नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात पोपचे एकेक वाक्य उद्धृत करून उत्तर दिले. आदामाला मिळालेले स्वामित्व म्हणजे सृष्टीने विरोध न करता मान्य करावे अशा विवेकी नियमनाची शक्ती होती, असे त्याने लिहिले; एकाने दुसऱ्याला वस्तूपासून दूर ठेवण्याचा जो हक्क मालकीत असतो तो पतनानंतर, माणसांच्या लोभामुळे आणि माणसांच्या कायद्याने, आला. युक्तिवाद म्हणून ओकॅमचे म्हणणे अधिक काटेकोर आहे यात शंका नाही. परंतु वाद पोपने जिंकला, कारण संस्थेची ताकद त्याच्याकडे होती.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हाच दस्त पुन्हा उघडला गेला. धर्मसुधारणेने रूपकात्मक वाचनाला फाटा देऊन अक्षरार्थावर भर दिला होता, आणि त्याचा परिणाम केवळ उपासनेवर न होता निसर्गाकडे पाहण्याच्या रीतीवरही झाला, हे पीटर हॅरिसन यांनी 1998 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. पतनात माणसाने निष्पापपणा आणि सृष्टीवरील सत्ता अशा दोन गोष्टी गमावल्या, त्यांपैकी पहिली धर्माने आणि दुसरी विद्या व कला यांच्या साहाय्याने याच जन्मात काही अंशी परत मिळवता येते, असे फ्रान्सिस बेकनने 1620 च्या ‘नोव्हम ऑर्गेनम’च्या शेवटी म्हटले. रॉबर्ट फिल्मरने तर आदामाला सबंध जगाचा खाजगी मालक मानून त्यावर राजांची निरंकुश सत्ता उभी केली. जॉन लॉकने 1689 मध्ये फिल्मरला खोडून काढताना पृथ्वी सर्व मानवांना सामाईक दिली गेली, हे जुने तत्त्व पुन्हा मांडले. पण त्याच ग्रंथाच्या पुढच्या भागात, जो जमिनीत श्रम मिसळतो त्याची ती होते, असे म्हणून मालकीचे दार दुसऱ्या बाजूने उघडले. इतरांसाठी पुरेसे उरावे आणि काही नासू नये, अशा दोन मर्यादा त्याने घातल्या खऱ्या, पण न नासणारा पैसा आल्यावर दुसरी मर्यादा त्याच्याच विवेचनात सैल होते. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची न नांगरलेली भूमी त्याच्या लेखी जवळजवळ बेवारस ठरते, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना या ग्रंथातले एक अक्षरही वाचायला मिळाले नव्हते.

बेकनच्या ग्रंथाच्या चार वर्षे आधी, 1616 मध्ये, दुसऱ्या एका इंग्रजाचा ग्रंथ गोव्यात राशोल येथे छापला गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होते, आणि मराठी भाषेची थोरवी सांगताना ते रत्ने, फुले, सुगंध, पक्षी आणि वृक्ष यांचाच आधार घेते. आयरेनियस आणि बेसिल यांच्या परंपरेतील सृष्टी इथे ओवीच्या चालीत, या मातीच्या गंधासह उतरली, ही मराठीची मोठी मिळकत आहे. परंतु त्याच गोव्यात 1541 मध्ये तिसवाडीतील मंदिरांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले होते, आणि पुढे साष्टीतही देवळे पाडली गेली. गावकरी या गावसंस्थेची सामाईक जमीन, देवाच्या नावाची जमीन, आणि राजसत्तेच्या बळावर घेतलेली जमीन हे सारे त्या एकाच काळात शेजारी-शेजारी होते. सृष्टी देवाची आहे असे गाणारा धर्म ती कोणाच्या हातून काढून कोणाला देतो, हा प्रश्न या ग्रंथाच्या सौंदर्याने पुसला जात नाही आणि पुसला जाऊही नये.

यानंतरच्या दोन शतकांतील निसर्गधर्मशास्त्र, म्हणजे सृष्टीतील रचनेवरून रचनाकाराचे अस्तित्व सिद्ध करण्याचा प्रयत्न, याबद्दल इथे थोडेच पुरे. जॉन रे याने 1691 मध्ये, सगळे जग केवळ माणसासाठी केलेले आहे ही समजूत विचारी माणसाला पटणारी नाही, असे लिहिले ते मोलाचे होते. पण विल्यम पेलीच्या 1802 च्या ग्रंथापर्यंत ही परंपरा घड्याळ आणि घड्याळजी यांच्या उपमेत अडकली, आणि 1859 मध्ये डार्विनने रचनेचे वेगळे कारण दाखवल्यावर बचावात गुंतली. या सगळ्या काळात कुरणे कुंपणांत जात होती, खाणी आणि मळे वाढत होते. देव आहे की नाही यावर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना भूमी कोणाची, हे विचारावेसे क्वचितच वाटले.

विसाव्या शतकात प्रश्न परत आला, आणि त्यातला एक महत्त्वाचा क्षण भारतातला आहे. 1961 मध्ये नवी दिल्ली येथे जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले असता अमेरिकन लुथरन धर्मपंडित जोसेफ सिटलर यांनी, ख्रिस्ताने साधलेले तारण मानवी आत्म्यापुरते नसून सर्व वस्तूंपर्यंत पोहोचते, असे प्रतिपादन केले. व्हाइट यांच्या व्याख्यानाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. 1979 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत घोषित केले. 1989 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पोप फ्रान्सिस यांचे 2015 चे परिपत्रक ‘लाउदातो सी’ याचे नावच संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातून आले आहे. त्यात ‘उत्पत्ती’मधील वचनाचे अमर्याद सत्तेचे वाचन स्पष्टपणे नाकारलेले आहे, हे वृत्तपत्रांनी ठळक केले, परंतु त्याहून धाडसी भाग पुढे आहे, जिथे ख्रिस्ती परंपरेने खाजगी मालकीचा हक्क कधीही निरपवाद मानलेला नाही, आणि पृथ्वीची फळे सर्वांसाठी असल्याने प्रत्येक मालकीवर समाजाचे एक ऋण आहे, असे म्हटले आहे. बाविसाव्या जॉनच्या गादीवरून ओकॅमच्या बाजूचे उत्तर यायला कित्येक शतके लागली.

महाराष्ट्रात हा वाद ग्रंथांत न राहता विहिरींवर आला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने दीर्घ लढा दिला. केळीच्या वाड्या, पानवेली, बावखळे नावाची तळी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांवर जगणाऱ्या या समुद्राकाठच्या मुलखात टँकरने पाणी उपसून शहरी वसाहतींना विकणे हा त्या लढ्यातला एक कळीचा विषय होता. उपसा वाढला की शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते आणि समुद्राजवळ खारे पाणी आत शिरते, म्हणजे एकाने विकलेल्या पाण्याची किंमत दुसऱ्याची बाग मोजते. आणि तरीही 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाला आहे. तो कायदा इंग्लंडमधून आला होता आणि त्याच्या मुळाशी असलेली मालकीची कल्पना फिल्मर आणि लॉक यांच्या वादातल्या कल्पनेच्या जवळची होती. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने त्या हक्कावर काही बंधने आणली. पण विहिरीचा मालक आणि शेजारचा बागायतदार रविवारी एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसत असतील तर त्या दोघांना कायद्याच्या आधी ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे तो कैसरियाच्या श्रीमंतांपुढे बेसिलने ठेवलेलाच प्रश्न आहे, आणि वसईच्या धर्मगुरूंनी तो वेदीवरून आणि रस्त्यावरून, दोन्हीकडून विचारला.